घास, आग्रह आणि भूक : हिंगोली जिल्ह्यातील लहान मुलांच्या जेवणाच्या तक्रारींचा आढावा

लहान मूल जेवत नाही ही तक्रार एका वाक्यात मांडली जात असली, तरी तिच्या पोटात निदान तीन वेगळ्या गोष्टी असतात. काही मुले वयाच्या मानाने पुरेसे खातात, पण घरच्यांच्या अपेक्षेइतके खात नाहीत. काही मुले पोटभर खातात, मात्र वरणभात आणि बिस्किटे एवढेच, भाजी दिसली की तोंड फिरवतात. आणि काही मुले खरोखरच गरजेपेक्षा कमी खातात व त्यांचे वजन हळूहळू खुंटत जाते. पहिल्या प्रकारात मुलापेक्षा घरच्यांच्या अपेक्षेलाच आवर घालण्याची गरज असते, दुसऱ्यात चिकाटीने काम होते, तिसऱ्यात मात्र उशीर अंगाशी येतो. पालकांसाठी होणाऱ्या बहुतेक लेखनात या तिन्हींना एकच सल्ला दिला जातो, आणि तो बहुधा ज्यांच्या घरी अन्नाची ददात नाही अशा कुटुंबांकडे पाहून तयार झालेला असतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात तो जसाच्या तसा चालतो का, हा या आढाव्याचा मुख्य प्रश्न आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत अशा पाच तालुक्यांचा असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या थोडी वर भरली. तिच्यातील सुमारे ८५ टक्के लोक खेड्यांत राहणारे होते. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा आणि हळद या पिकांभोवती येथील वर्ष फिरते आणि मुलांच्या जेवणाच्या वेळाही घड्याळापेक्षा या पिकांच्या कामांवर अधिक ठरतात. सोयाबीनच्या काढणीत किंवा हळद काढण्या-शिजवण्याच्या दिवसांत घरातली तरुण स्त्री सकाळीच भाकरी बांधून रानात जाते आणि मागे राहिलेल्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला भरवण्याचे काम आजीकडे किंवा आठ-दहा वर्षांच्या ताईकडे येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंचीत मागे होती, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने वजनात मागे होती, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातील ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता स्वतःच भूक मारते, त्यामुळे ज्या मुलांना घरात हट्टी म्हणून ओळखले जाते त्यांतली बरीचशी हट्टी नसून रक्ताने कमी असण्याची शक्यता या जिल्ह्यात कधीच नजरेआड करता येत नाही.

तरीही पहिल्या प्रकारची मुले येथेही कमी नाहीत, आणि त्यांच्याबाबतचा गैरसमज वाढीच्या हिशेबातून निर्माण होतो. सर्वसाधारणपणे जन्मतः तीन किलोचे बाळ वर्षाचे होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जाते, म्हणजे बारा महिन्यांत सहा किलोंची भर पडते. दुसऱ्या वर्षात ही भर जेमतेम अडीच किलोंवर येते आणि त्यापुढे वर्षाला दोन किलो एवढीच राहते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते, आणि ती नेमकी अशा वेळी उतरते की जेव्हा मूल चालू लागलेले असते, त्याला ताटापेक्षा अंगणातली कोंबडी महत्त्वाची वाटते, आणि घरच्यांना मात्र आता हा भाकरीला लागला पाहिजे असे वाटत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या एका जेवणाचे माप अडीचशे मिलीलिटरच्या भांड्याचा पाऊण ते पूर्ण भाग एवढे सांगितलेले आहे. घरातल्या मोठ्या ताटात तेवढे अन्न कोपऱ्यात मावते आणि उरलेले ताट रिकामे दिसते, हेही तक्रारीचे एक छोटे कारण असावे. शिवाय लहान मुले दर जेवणाला सारखे खात नाहीत. अमेरिकन संशोधक लिअॅन बर्च यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या खाण्याची मोजदाद प्रसिद्ध केली, तीत एकेका जेवणातील ऊर्जा सरासरीपासून तिसऱ्या हिश्श्याइतकी खाली-वर होत होती, मात्र पूर्ण दिवसाची बेरीज दहा टक्क्यांच्या आसपासच हलत होती. सकाळी न जेवलेले मूल संध्याकाळी भरपाई करते, परंतु सकाळचे न जेवणे आजीने पाहिलेले असते आणि संध्याकाळचे जेवणे आईने, त्यामुळे बेरीज कोणीच करत नाही.

दुसऱ्या प्रकाराच्या मुळाशी अपरिचित अन्नाची धास्ती असते, जिला शास्त्रीय परिभाषेत निओफोबिया म्हणतात. दोन ते सहा वर्षे या काळात ती सर्वाधिक तीव्र असते, आणि तिचा अर्थ लावणे अवघड नाही, कारण स्वतःच्या पायांनी हिंडू लागलेल्या प्राण्याच्या पिलाने दिसेल तो कडवट पाला तोंडात घातला तर ते जगणार नाही. बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८० च्या दशकातील प्रयोगांतून असे दिसले की नवा पदार्थ वारंवार, साधारणतः आठ ते पंधरा वेळा, जबरदस्तीविना चाखायला मिळाला की पुष्कळ मुले तो स्वीकारू लागतात. घरात मात्र मेथी किंवा शेपू तिसऱ्यांदा थुंकून टाकला की त्याला भाजी आवडतच नाही असा शिक्का बसतो, तो मुलाच्या देखत आल्यागेल्याला सांगितला जातो, आणि मूल त्या शिक्क्याप्रमाणे वागू लागते.

या ठिकाणी मराठी घरातील एका जुन्या गुणाकडे वळावे लागते, तो म्हणजे आग्रह. पंगतीत वाढणाऱ्याने आग्रह केला नाही तर जेवणाऱ्याचा मान राहिला नाही असे मानणाऱ्या समाजात आग्रह हे प्रेमाचेच दुसरे नाव असते. जिल्ह्यातील नर्सी हे ज्यांचे जन्मगाव परंपरेने मानले जाते त्या संत नामदेवांच्या बालपणाची सर्वाधिक सांगितली जाणारी कथाही जेवणाच्या आग्रहाचीच आहे: वडिलांनी नैवेद्य घेऊन पाठवलेला लहान नाम्या विठ्ठलाने तो खरोखर खाल्ल्याशिवाय हलायला तयार होत नाही आणि अखेर देवाला जेवावे लागते. कथेतील गंमत अशी की तेथे हट्ट खाऊ घालणाऱ्या मुलाचा आहे आणि तोंड मिटून उभा आहे तो देव. घराघरांत ही भूमिका उलटते, एवढाच फरक. ताटात अन्न टाकू नये हा संस्कार, चिऊचा आणि काऊचा घास, दृष्ट लागली असेल म्हणून उतरून टाकलेली मीठ-मोहरी, हे सारे त्याच आस्थेतून आलेले आहे आणि त्यातील बहुतेक निरुपद्रवीही आहे. अडचण तेथून सुरू होते जेथे आग्रहाची जबरदस्ती होते. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ही म्हण आज राजकारणात वापरली जात असली तरी तिचा उगम बाळाला औषध पाजण्याच्या रीतीत दिसतो, आणि मांडीवर आडवे धरून, नाक दाबून घास कोंबण्याची रीत अद्याप पुरती गेलेली नाही. तशा अवस्थेत अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि तो टळला तरी जेवण म्हणजे झटापट हे समीकरण मुलाच्या मनात पक्के होते.

जबरदस्ती नको हा विचार पाश्चात्त्य बालसंगोपनात दोन वाटांनी आला. शिकागोतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ पासून नुकतेच अंगावरचे दूध सुटलेल्या पंधरा बाळांसमोर ३४ साधे पदार्थ ठेवून, त्यांना हवे ते आणि हवे तेवढे खाऊ दिले; परिचारिका चमचा घेऊन बसे, पण बाळाने बोट दाखवल्याशिवाय किंवा हात पुढे केल्याशिवाय घास देत नसे. पंधराही बाळे उत्तम वाढली. मूल आपले आपण योग्य ते निवडते, असा निष्कर्ष या प्रयोगातून लोकांनी काढला, परंतु डेव्हिस यांनी स्वतः १९३९ मध्ये बजावले की खुबी निवडीत नसून यादीत आहे, कारण त्या ३४ पदार्थांत साखर घातलेले किंवा कारखान्यात तयार झालेले काहीच नव्हते. दुसरी वाट एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांची. त्यांच्या १९८० च्या दशकातील मांडणीनुसार काय, केव्हा आणि कोठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, तर खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. या दोन्हींत आणखी एक निरीक्षण मिसळावे लागते: भाजी संपवलीस तर गोड देईन असे सांगितल्याने भाजी त्या दिवशी संपते, परंतु बक्षीस मिळवण्यासाठी खाल्लेला पदार्थ मुलाला पुढे कमी आवडू लागतो, असे बर्च यांच्या १९८४ मधील प्रयोगात दिसले.

हे सर्व मान्य केले तरी सॅटर यांची विभागणी एका अटीवर उभी आहे, ती म्हणजे मुलाची भूक शाबूत असली पाहिजे आणि त्याच्यासमोर पुरेसे अन्न नियमित आले पाहिजे. ज्या मुलाला वारंवार जुलाब झाले आहेत, ज्याचे रक्त कमी आहे, ज्याला दिवसाकाठी दोनदाच अन्न दिले जाते, त्याच्या किती खायचे या निर्णयावर सर्व सोपवणे म्हणजे आजाराला कौल देणे होय. म्हणूनच कुपोषणाच्या प्रदेशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने रिस्पॉन्सिव्ह फीडिंग, मराठीत म्हणायचे तर मुलाच्या खुणा ओळखून भरवणे, ही मधली वाट धरली. तीत भरवणारी व्यक्ती मुलासमोर बसते, त्याच्याशी बोलते, घास पुढे करते, थांबते, पुन्हा करते, पदार्थ बदलून पाहते, परंतु कोंबत नाही. दुर्लक्षही नाही आणि दमदाटीही नाही. तिचा पडताळा शेजारीच झालेला आहे. निजामाच्या संस्थानात हिंगोलीसोबतच असलेल्या, आता तेलंगणात गेलेल्या नलगोंडा जिल्ह्यातील ६० गावांच्या चाचणीत हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मातांच्या एका गटाला घरोघर जाऊन असे भरवणे आणि मुलांशी खेळणे शिकवले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या मुलांचा आहार सुधारलेला आणि मानसिक विकासाची मोजमापे वरचढ आढळली. बांगलादेशातील ग्रामीण भागात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला असाच प्रयोग अधिक प्रामाणिक धडा देतो: मुले आपल्या हाताने अधिक खाऊ लागली, आया त्यांच्या खुणांना अधिक दाद देऊ लागल्या, वजनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. भरवण्याची रीत सुधारली तरी वाटीत काय आहे हा प्रश्न उरतोच.

वाटीत काय आहे हे पाहण्यासाठी संध्याकाळच्या जेवणाकडे जवळून पाहावे लागते. कुटुंबाने एकत्र बसून जेवणे ही कल्पना पुस्तकांत गृहीत धरलेली असते. मराठवाड्यातील अनेक खेड्यांत मात्र पुरुष आणि पाहुणे आधी, मुले त्यांच्या आगेमागे, आणि स्वयंपाक करणारी सर्वांत शेवटी अशी रीत अजून आहे. चुलीवर भाकरी चालू असताना मूल पेंगुळलेले असते, कारण दुपारचे जेवण आजीकडून बाराला झालेले असते आणि आता साडेआठ वाजलेले असतात. घाईघाईने अर्धी भाकरी वरणात कुस्करली जाते, वरणाला लसणाची आणि लाल तिखटाची फोडणी बसलेली असते, पहिल्या घासाला मूल हाय-हाय करते, त्यावर पाणी पाजले जाते, आणि इवल्या पोटात पाणीच जागा घेते. पाचव्या घासाला तोंड फिरते. या प्रसंगात मुलाचा हट्ट शोधू गेल्यास फारसा सापडत नाही. सापडते ती उशिराची वेळ, तिखट आणि पाणी. येसर आणि ठेच्यावर वाढलेल्या या मुलखात मुलाचे अन्न वेगळे शिजवण्याची चैन कोणाला परवडत नाही, परंतु फोडणी घालण्यापूर्वी घट्ट शिजलेल्या वरणाची एक वाटी बाजूला काढणे, तीत भाकरी भिजू देऊन वर चमचाभर तूप, तेल किंवा शेंगदाण्याचा बारीक कूट घालणे याला वेगळे सरपण लागत नाही. ज्वारीच्या मऊ कण्या किंवा मुगाची खिचडी पातळ पाण्यासारखी न करता चमच्यावर ठरेल इतकी दाट ठेवणे याचाही उपयोग होतो, कारण पातळ अन्नाने पोट भरते पण ऊर्जा मिळत नाही.

जेवणाआधीच भूक मारणाऱ्या गोष्टी हा या प्रश्नातील कदाचित सर्वांत उपेक्षित भाग आहे. सकाळचा चहा-बिस्किट, दहा वाजता किराणा दुकानातून आणलेला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा, रडू नये म्हणून दिलेली गोळी, आणि ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांच्याकडे बाटलीभर दूध, असे दिवसभर थोडे थोडे पोटात जात राहिले तर जेवणाला भूक कोठून येणार? चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही, आणि वर्षानंतर दिवसाकाठी अर्ध्या लिटरपेक्षा अधिक दूध पिणारे मूल इतर अन्न टाळते व त्यातून रक्तक्षय वाढतो, ही गोष्ट दुधाला पूर्णान्न मानणाऱ्या घरांत सहज पटत नाही. पुड्याबाबत आईला दोष देणेही सोपे नाही: रोजंदारीवर गेलेल्या बाईला जाताना मागे लागलेल्या मुलाच्या हातात पाच रुपये ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग दिसत नाही, आणि खुरपणी सोडून घरी थांबा असे सांगणे सल्ला देणाऱ्याला शोभत नाही. जेवणाच्या आधी दीड-दोन तास काही द्यायचे नाही आणि पुडा द्यायचाच तर जेवणानंतर, एवढा नियम आजीच्या हातून पाळला जाऊ शकतो. मोबाइल समोर धरून भरवण्याची सवय आता वाड्या-तांड्यांवरही पोहोचली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये असे सांगितले आहे, आणि जेवणापुरते बोलायचे तर पडद्याकडे पाहणाऱ्या मुलाला पोट भरल्याची खूण कळत नाही, हेच या सवयीविरुद्ध पुरेसे आहे.

आजाराच्या खुणा वेगळ्या ओळखाव्या लागतात. वजन दोन-तीन महिने न वाढणे किंवा घटणे, सतत उलट्या, गिळताना खोकला येणे, दीर्घ बद्धकोष्ठता, किडलेले दात, लांबलेला ताप-खोकला यांपैकी काही असेल तर जेवणाच्या युक्त्या बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. माती, भिंतीचे पोपडे किंवा पाटीवरची पेन्सिल खाणे, ज्याला पिका म्हणतात, ते बहुधा लोहाच्या कमतरतेशी जोडलेले असते आणि त्यावर मार हा उपाय नाही. जंतांसाठी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडी व शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, तर लोहाचे सरबत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यायचे असते. भूक वाढवण्याचे म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या अनेक सरबतांत सायप्रोहेप्टाडिन असते. ते मुळात ॲलर्जीवरचे, झोप आणणारे औषध आहे, आणि रक्तक्षय किंवा क्षयरोग झाकून ठेवण्याचे काम ते बिनबोभाट करू शकते. काही मुले रंग, वास किंवा खरखरीतपणा सहन न झाल्याने अगदी मोजके पदार्थ खातात व त्यातून वाढ खुंटते. या स्थितीला २०१३ पासून मानसोपचाराच्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले असून स्वमग्न मुलांत ती अधिक दिसते.

घरी घासही न घेणारे मूल अंगणवाडीत खिचडी संपवते, ही तक्रार कानावर येते तेव्हा सांगणाऱ्याच्या स्वरात थोडा अपमान असतो, पण तिच्यात उत्तर दडलेले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बालशिक्षण अंगणात नेले तेव्हा त्यामागचा विचार शिकण्याचा होता. आज त्याच अंगणावरून नाव पडलेल्या अंगणवाडीत ओळीने बसलेली मुले शेजाऱ्याकडे पाहून खातात, कोणी कोंबत नाही, आणि ताट ठरलेल्या वेळी येऊन ठरलेल्या वेळी उचलले जाते. भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडीने खाणाऱ्या मुलांत बसवले तर त्याची आवड बदलते, हे बर्च यांनी १९८० मध्येच नोंदवले होते. घरात मात्र मुलाला एकट्याला भरवले जाते आणि ज्या व्यक्तीकडे पाहून ते सर्वाधिक शिकेल ती, म्हणजे त्याची आई, जेवताना त्याला दिसतच नाही, कारण ती जेवते तेव्हा ते झोपलेले असते. दिवसातून एकदा तरी आईने आपले ताट घेऊन मुलाशेजारी बसणे हा उपाय बिनखर्चाचा वाटतो, परंतु अनेक घरांत त्यासाठी सासूची संमती लागते, आणि ती मिळवण्याचे काम कोणतीही पुस्तिका करत नाही.

शासकीय व्यवस्थेत भुकेची एक अधिकृत परीक्षाही आहे. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेले, म्हणजे अतितीव्र कुपोषित, ज्याला अंगणवाडीच्या भाषेत सॅम म्हणतात, असे मूल सापडले की त्याची भूक चाचणी घेतली जाते: शांत जागी आईच्या मांडीवर बसवून, हात धुवून, दाट उपचारात्मक आहार आणि पिण्याचे पाणी दिले जाते आणि ते वजनानुसार ठरलेले किमान प्रमाण खाते का हे पाहिले जाते. न खाल्ल्यास आतमध्ये संसर्ग किंवा गुंतागुंत असावी असे समजून त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवले जाते, आणि खाल्ल्यास गावातल्या बाल विकास केंद्रात उपचार होऊ शकतात. या चाचणीची पहिली अट अशी की आईने गोंजारावे, थांबावे, पुन्हा द्यावे, पण जबरदस्ती करू नये, कारण जबरदस्तीने भरवलेला घास भुकेबद्दल काहीच सांगत नाही. सर्वांत अशक्त मुलाबाबत जो नियम पाळला जातो तोच धडधाकट मुलाच्या ताटाशी मोडला जावा, हे जरा विचित्रच.

कोणत्या मुलाला त्याच्या भुकेवर सोडायचे आणि कोणाच्या मागे लागायचे, हे अखेर वजनाचा आलेख सांगतो: रेषा वर जात असेल तर अर्धी भाकरी उरली म्हणून काळजी नको, ती आडवी झाली असेल तर तपासणी हवी. अंगणवाडीत दरमहा होणाऱ्या वजनाचे मोल म्हणूनच कोणत्याही पाककृतीपेक्षा अधिक आहे. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांबरोबर जी मुले जातात, त्यांच्यासाठी दिवस पहाटेच्या अंधारात फडावर सुरू होतो, जेवण म्हणजे कोपीत सकाळीच थापून ठेवलेली भाकरी असते, भरवायला असते ती थोरली ताई, आणि कारखान्याच्या हद्दीतील अंगणवाडीत त्यांचे नाव चढेलच असे नसते. पाडव्याच्या मागेपुढे ती गावी परततात तेव्हा सेविका वजन करून कार्डावर टिंब मांडते. आधीचे टिंब ऑक्टोबरचे असते, आणि मधली चार-पाच घरे कोरी.